देवीला लावलेली कडी

कुंभिवलीत हर्षलाशी बोलताना बायका दोन हात लांब उभ्या राहतात. हिचा हात कधी उठेल त्याचा नेम नाही, असं गावाचं मत आहे, आणि गावाची बाकीची मतं कशीही असोत, हे मात्र पुराव्यानिशी बनलेलं आहे. तिला स्वतःला त्याचं ना कौतुक ना लाज. "मी कुणाच्या वाटेला जात नाय, माज्या वाटेला कुणी येऊ नये," एवढंच तिचं म्हणणं.

माहेर पळसदरीचं. तिथल्या धरणावर शनिवार-रविवारी शहरातून पोरं येतात, पितात, गाणी लावतात आणि जाताना काचा टाकून जातात. हर्षला बारावीत असताना म्हशी पाण्यावर घेऊन गेली होती. त्यातल्या एकानं तिची ओढणी धरली. दुसरी एखादी ओरडली असती, पळाली असती. हर्षलानं त्याच्याच हातातली बाटली हिसकली आणि त्याच्या तोंडावर हाणली. त्याचे पुढचे दात तिथेच खडकावर पडले. बाप पदू घाबरून पोरीला आठ दिवस घरात कोंडून ठेवेल असं लोकांना वाटलं होतं. पदू उलट ते दात कागदात बांधून गावभर दाखवत हिंडला. म्हणाला, जावयाला सोनं नाही दिलं तरी हे देईन, म्हणजे तो नीट वागेल.

जावई मिळाला विपुल. कुंभिवलीला हायवेला लागून त्याचं घर, आणि दारात त्याची हायड्रा, म्हणजे पुढे लांब लोखंडी हात असलेली पिवळी क्रेन. घाटात ट्रेलर उलटला, कंटेनर आडवा झाला की विपुलला फोन येतो. चिरडलेल्या केबिनमधून माणसं ओढून काढायची त्याला सवय, त्यामुळे रक्ताबिक्ताचं त्याला काही नाही. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात भाजी खारट झाली म्हणून त्यानं हर्षलाच्या कानाखाली दिली. हर्षलानं चुलीवरचा तवा उचलला आणि तो दिला त्याच्या कानावर. उजव्या कानाची पाळी भाजून निघाली. विपुल आठवडाभर एका कुशीवर झोपला आणि मग एका दुपारी जेवताजेवता आपणच हसायला लागला. "बरोबरीचा गडी मिळाला," म्हणाला. त्यानंतर त्यांचं जमलं ते जमलंच. चारचौघांत 'अवो', घरात 'तू', आणि भांडण झालं की आपटायची ती भांडी, एकमेकांना नाही.

सासू सोनुबाई. सासरा गजा वारल्यापासून घर तिच्या शब्दावर चाललेलं. बाई वाईट नव्हती, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं ऐकून कुणालाही ती कैदाशीण वाटेल. हर्षलाला दिवस गेले तेव्हापासून सोनुबाईनं तिला कळशी उचलू दिली नाही. माशाचं डोकं आजवर विपुलच्या ताटात पडायचं, ते सुनेच्या ताटात पडायला लागलं. धाकटा मुलगा योगेंद्र चिडवायचा, "आई, आमी काय सवतीची पोरं काय?" तर सोनुबाई म्हणायची, "तू काय पोटात पोर घेऊन हिंडतोस का रं?"

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण पळसदरीला पदूनं जुनं घर पाडून नव्याचं काम काढलेलं, छप्पर अजून आभाळाचं. स्लॅब पडला की न्यायला येतो, असं म्हणता म्हणता नववा लागला. शिमगा होऊन गेला होता, ऊन तापलं होतं, आणि हर्षलाला खाली वाकून स्वतःच्या चपलाही दिसत नव्हत्या.

त्या आठवड्यात विपुल घाटातल्या एका मोठ्या कामावर गेला होता. तिथेच राहायचा, तिथेच खायचा. एका सकाळी तो कुणाच्या तरी टेंपोतून परत आला. हर्षला पाण्याचा तांब्या घेऊन पुढे झाली आणि दोन पावलांवर थबकली. त्याचे डोळे लाल होते आणि मानेवर, कॉलरच्या वर, पाण्यानं भरलेले फोड होते. मोत्याएवढे, चकचकीत.

तिनं तांब्या तिथेच जमिनीवर ठेवला आणि मागे सरली.

"काय गं? मी काय पिसाळलेला कुत्रा हाय?" विपुल म्हणाला.

उपकेंद्रातली नर्स प्राची दर महिन्याला गरोदर बायकांना बसवून तेच तेच सांगायची, त्यातलं एवढं हर्षलाच्या डोक्यात बसलेलं की अंगावर फोड आणि ताप असलेल्या माणसाजवळ जायचं नाही. तिनं लगेच प्राचीला फोन लावला. प्राचीनं एकच विचारलं, "तुला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यात का?" हर्षलाला आठवेना. तिनं आईला, जनाला फोन केला. जना म्हणाली, "भावाला आल्या होत्या गं. तुला तवा मामाकडं पाठवली होती. तुला कवाच नाय आल्या."

प्राची तासाभरात स्कूटीवर आली. अंगणातच तिनं हर्षलाचं रक्त घेतलं. विपुलसाठी गोळ्या दिल्या आणि सोनुबाईच्या समोर स्पष्ट सांगितलं, "बाळंतपणाच्या तोंडावर आईला हा आजार झाला तर बाळाकडे त्याच्याशी लढायला काहीच नसतं. आईकडून बळ मिळायच्या आधी रोगच मिळतो. अशी बाळं मोठ्या दवाखान्यातसुद्धा हातातून जातात. ह्यांच्या सगळ्या फोडांच्या खपल्या सुकेपर्यंत हिनं त्यांच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. पांघरूण, टॉवेल, ताट, काही शिवायचं नाही. वाटलं तर हिला माझ्या खोलीवर घेऊन जाते."

"नवरा आजारी असताना घर सोडून कुठं जाऊ?" हर्षला म्हणाली. तेव्हा ती गेली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं, पण तिलाही मान होताच.

प्राचीची स्कूटी वळली आणि सोनुबाईनं आत देवीचा कलश मांडला, दाराला निंबाचा डहाळा खोचला. घरात देवी आली होती. आता फोडणी बंद, मच्छी बंद. केस विंचरायचे नाहीत, चपला उंबऱ्याच्या आत आणायच्या नाहीत, घरातल्या कुणी गावाची शीव ओलांडायची नाही. देवी पाहुणी असते, तिला घरभर हिंडायचं असतं, म्हणून ती असेपर्यंत घरातल्या कुठल्याच दाराला कडी लावायची नाही. आणि ज्याच्या अंगावर ती बसलीय त्याची सेवा बायकोनं करायची. निंबाच्या पाण्यानं अंग पुसायचं, फोडांवरून डहाळी फिरवायची, पायाशी बसून राहायचं. हे सगळं सोनुबाईनं सुनेला ओवी म्हणावी तसं एका दमात सांगितलं.

"मी नाय करणार," हर्षला म्हणाली.

घराच्या मागच्या अंगाला एक खोली होती. विपुल तिथे हायड्राच्या साखळ्या, आकडे, जुने टायर ठेवायचा. हर्षलानं तिथे गोधडी टाकली, पाण्याचा हंडा नेला, आणि आतून कडी घातली. त्या घरात देवी आल्यावर लागलेली ती पहिली कडी.

पदूला कळलं तेव्हा त्यानं न्यायची भाषा केली, पण स्लॅबखाली टेकू लावलेले, पाय ठेवायला जागा नाही, आणि देवीच्या घरातून आलेलं माणूस इतक्यात नको असं पळसदरीची भावकीही म्हणू लागली. इकडे आड, तिकडे विहीर, आणि प्राचीला एकदा नाही म्हटलेलं मागे घ्यायला मान आडवा. हर्षला मागच्या अंगणात तीन दगड मांडून स्वतःपुरतं शिजवायची आणि आत जाऊन कडी घालायची.

पहिले दिवस निभले. मधे एकच भिंत होती. अलीकडे ती, पलीकडे तो, आणि दोघं मोबाइलवर बोलत. "पोर लाथा मारते का गं?" तो विचारायचा. "मारते. तुज्यावर गेली," ती म्हणायची. कधी तो भिंतीवर बोटानं टकटक करायचा, कधी ती. प्राचीनं रक्ताचा निकाल कळवला. हर्षलाच्या अंगात ह्या आजाराशी लढायला काहीच नव्हतं, ती पार उघडी होती. म्हणून कडी आणखी घट्ट झाली.

पण विपुलचा ताप हटेना. गोळ्या देऊनही हटत नाही म्हणजे काय, हे हर्षलाला उमजेना. तिला माहीतच नव्हतं की ते पाकीट सोनुबाईनं देवीच्या कलशाखाली ठेवलंय आणि त्यातली एकही गोळी त्याच्या पोटात गेलेली नाही. देवीवर औषध चालत नाही, असं सोनुबाईचं ठाम मत. फोड तोंडात उतरले, पापण्यांवर आले. त्याला खोकला लागला. भिंतीपलीकडून येणारं बोलणं बदललं. "मी मरतोय हितं, आणि तू कडी लावून बसलीस? तुला माजी काय पडलीय?" असं तो ओरडायचा, आणि भिंतीवर आता टकटक नसायची, बुक्के असायचे. हर्षला उशी तोंडात धरून रडायची. रडणं झालं की तीही उलटा बुक्का हाणायची.

मंगळवारी सोनुबाईनं भागीला बोलावलं. भागी म्हणजे गावातली अंगात येणारी बाई. भर दुपारी ती केस सोडून कलशापुढे घुमली आणि तिच्या तोंडून देवी बोलली की घरातल्या गरवार बाईनं मला पाठ दाखवली, दार लावलं, मी आता पोटातलं मागून घेणार. तारायचं असेल तर विपुलच्या आंघोळीचं निंबाचं पाणी तिच्या पोटावर घाला, आजच्या आज.

विपुलचं फुटलेल्या फोडांचं अंग पुसून गढूळ झालेलं ते पाणी तपेल्यात होतंच. सोनुबाईनं तपेलं उचललं. भागी, योगेंद्र आणि शेजारच्या चारदोन बायका मागच्या दाराशी आल्या.

"दार उघड, हर्षला."

"नाय उघडणार."

"अगं, तुज्या पोरासाठीच सांगते."

"माज्या पोरासाठीच लावलंय."

योगेंद्रनं दाराला खांदा दिला. दार जुनं, सागाचं, नुसतं हललं. हर्षलानं खोलीत नजर फिरवली. कोपऱ्यात टॉमी उभी होती, टायर काढायची लोखंडी कांब, माणसाच्या दंडाहून लांब. ती तिनं दोन्ही हातांत धरली आणि भिंतीला पाठ लावली.

तेव्हा बाहेर सोनुबाईचा आवाज फुटला. त्या घरात कुणी कधी न ऐकलेलं ती दाराच्या फळीशी तोंड लावून बोलत होती. "विपुलच्या आधी मला एक झालता गं. पोरगा. ह्यांच्या अंगावर देवी आलती, आणि मला नववा. मी सगळं केली. अंग पुसली, पायाशी बसली, जेवली नाय, झोपली नाय. एक दुपार फकस्त डोळा लागला, आणि झोपेत माजे पाय देवीच्या कलशाकडं झाले. येवढंच केली मी. तर माज्या अंगावर फोड आले, आणि पोराला जन्मताच आले. पाचवी पुजायच्या आत गेला तो. नुसते पाय केलते गं मी तिच्याकडं! आणि तू तिच्या तोंडावर कडी लावतेस?"

मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही. हर्षलानं आयुष्यात पुष्कळांना मारलं असेल, पण त्या दुपारी तिच्या तोंडून जे गेलं तेवढं तिच्या हातून कधी गेलं नव्हतं.

"देवीनं नाय नेला त्याला!" ती आतून किंचाळली. "तुमी मारलात! त्या अंगाची घाण पुसून पुसून तुमी तुमच्या पोरात घातलीत! पाय कुठं होते त्यानं काय होत नाय, हात कुठं होते ते बघा! एक मारलात, आता दुसरं मारायला आलाव?"

हायवेवरून एक ट्रेलर हॉर्न वाजवत गेला. मग सोनुबाई अगदी हळू म्हणाली, "तोड रं दार, योग्या."

योगेंद्रनं हायड्राचा घण आणला. दुसऱ्या घणाला फळी फाटली. फटीतून त्याचा हात आत आला आणि कडी चाचपू लागला. "भावजी, हात काढा," हर्षला म्हणाली. त्यानं काढला नाही. तिनं टॉमी उचलली आणि त्या बोटांवर घातली. हाडं मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. योगेंद्र अंगणात लोळायला लागला, पण पडता पडता त्याच्या हिसड्यानं कडी निघाली आणि दार सताड उघडलं.

भागी पहिली आत घुसली. घुमत, दात विचकत तिनं हर्षलाच्या केसांना हात घातला आणि डोकं खाली ओढलं. एवढ्या पोटाच्या बाईला खाली ओढणं म्हणजे काय हे तिला पोरं झालेली असून कळू नये! हर्षलानं टॉमीचं टोक तिच्या बरगडीत रुतवलं. भागीच्या अंगातली देवी एका फटक्यात उतरली. "अगं आई गं, मेली मी," असा अगदी माणसाचा आवाज काढत ती उंबऱ्यावरून उलटी पळाली, आणि शेजारच्या बायका तिच्याही आधी पळाल्या.

राहिली सोनुबाई. दोन्ही हातांत तपेलं धरून ती आत आली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, त्यापेक्षा भयंकर काहीतरी होतं. "थोडंच घालते गं," ती लहान मुलाला दूध पाजावं तशा आवाजात म्हणत होती, "पोटावर येवढंच. मंग ती सोडंल."

"आई, मागं व्हा. तुमच्या पाया पडते, मागं व्हा."

सोनुबाईनं तपेलं उचललं. हर्षलानं टॉमी आडवी फिरवली. तपेलं भिंतीवर आपटलं, पाणी सगळं टायरांवर गेलं, आणि कांबेचं टोक सोनुबाईच्या कपाळाला लागलं. ती उंबऱ्यावर पडली. रक्त भुवईवरून डोळ्यात आलं, पण ती रिकाम्या हातांकडेच बघत होती.

आणि मग विपुल आला. भिंत धरत, घराला वळसा घालून. कमरेला नुसती लुंगी, वर सगळं अंग फोडांनी भरलेलं, काही फुटलेले, काही काळे पडलेले. त्याला खाली पडलेली आई दिसली, मोडक्या हाताचा भाऊ दिसला, आणि लोखंड घेऊन उभी असलेली बायको. तो गुरासारखा हंबरला आणि तिच्या अंगावर चालून आला.

"विपुल, थांब," ती म्हणाली. "तू शिवायचं नाय. पुढं आलास तर पाय मोडीन."

तो थांबला नाही. भिंतीपलीकडून 'पोर लाथा मारते का' विचारणारा तो हाच, हे हर्षलाला त्या क्षणी पुरतं आठवत होतं, हे ती अजूनही सांगते. तो हात लांब करून येत होता, तिच्या खांद्याला त्याची बोटं लागायला वीतभर उरली होती. तिनं डोळे उघडे ठेवून टॉमी त्याच्या नडगीवर घातली. तो जिथे होता तिथेच कोसळला. तिच्या अंगाला त्याचं बोटही लागलं नाही.

ती त्याला वळसा घालून बाहेर पडली. अंगणात कुणी पुढे झालं नाही. एका हातात टॉमी, दुसरा पोटाखाली, पायात चपला नाहीत, अशी ती तापलेल्या हायवेवर आली आणि समोरून आलेल्या रिक्षाला तिनं हात केला. रिक्षावाल्यानं कुठं जायचं ते विचारलं, बाकी काही विचारलं नाही.

प्राचीच्या खोलीवर तिनं पुढचे दिवस काढले. ते मारामारीपेक्षा वाईट होते. प्राचीनं सांगितलं होतं की लागण झाली असेल तर दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. रोज सकाळी हर्षला दार लावून आरशापुढे उभी राहायची आणि स्वतःचं अंग तपासायची, पाठ दिसावी म्हणून मानेला पीळ देऊन. एकदा छातीवर लाल ठिपका दिसला. तिनं आरसा उचलून जमिनीवर फोडला आणि मग काचांमध्ये बसून हंबरडा फोडला. प्राची धावत आली, बघितलं, तर डास चावलेला. नव्या आरशाचे पैसे देईन म्हणाली हर्षला, आणि दोघी हसायला लागल्या.

इकडे विपुलला पायाचं हाड मोडलं म्हणून खोपोलीच्या दवाखान्यात न्यावंच लागलं. डॉक्टरांनी पायाआधी छाती बघितली आणि कपाळाला हात लावला. कांजिण्या फुप्फुसात उतरल्या होत्या. आणखी दोन दिवस निंबाखाली राहता तर उठला नसता, असं ते म्हणाले. योगेंद्र, हाताला प्लॅस्टर घालून, पोलिसात तक्रार द्यायला निघाला होता. विपुलनं त्याला खाटेवरूनच शिवी घातली. डॉक्टरांना सांगितलं, हायड्रावरून पडलो. "मी तिला मारायलाच चाल्लो होतो," असं तो आजही कुणी विचारलं तर सांगतो. "तिनं नडगी मोडली म्हणून मी दवाखान्यात पोचलो. नायतर आईनं मला वर पोचवला होता." तेव्हाही वाळलेल्या खपल्यांच्या तोंडानं तो हे हसत सांगायचा, पण आईकडे बघून हसायचा नाही.

हर्षलाला मुलगी झाली. कळांच्या भरात तिनं दवाखान्यातल्या आयाबाईला लाथ मारली, तिला नंतर हात जोडले. पोर आडदांड निघाली, रडली ती सगळा वॉर्ड उठवून. हर्षलाच्या अंगावर फोड उठला नाही, पोरीच्या अंगावर उठला नाही. आठवडे गेले तरी उठला नाही.

पळसदरीच्या नव्या घराचा स्लॅब तोवर पडला होता. बाळ-बाळंतीण तिथे गेली. विपुल कुबडी घेऊन आला, पोरीला बघून गेला, कानाची पाळी तिच्या मुठीत देऊन बराच वेळ बसला. सोनुबाई आली नाही. पदूनं उंबऱ्याजवळ काठी ठेवलेली होती, ती तिच्यासाठीच.

एका सकाळी ती एकटीच आली. स्टेशनवरून चालत. कपाळावर टाक्यांची गुलाबी रेघ. पदू काठी घेऊन उठला तशी हर्षला आतून ओरडली, "बाबा, येऊ द्या."

सोनुबाईनं अंगणात हात धुतले. दोनदा, साबण लावून, कोपरापर्यंत. मग ती आत येऊन हर्षलापासून लांब, भिंतीशी बसली. पोरीला हात लावला नाही.

"तिला उघडी कर," ती म्हणाली.

हर्षलानं झबलं काढलं. सोनुबाई जागेवरूनच पुढे वाकून बघू लागली. "कानामागं दाखव. काख दाखव. पालथी कर." हर्षला दाखवत गेली. बोटांच्या बेचक्या, जांघा, टाळू, सगळं. पोरीचं अंग नुकत्या सोललेल्या शेंगदाण्यासारखं गुलाबी आणि साफ होतं.

"एकबी नाय," सोनुबाई म्हणाली. "माज्या त्याच्या तळपायावरपण होते गं. येवढे येवढे." तिनं करंगळीचं टोक दाखवलं. "तू काय नाय केलीस. सेवा नाय, निंब नाय. कडी लावून बसलीस, वर देवीच्या माणसाचा पाय मोडलास. तरी ही हाय." मग तिनं हर्षलाच्या डोळ्यांत बघितलं. "तू दाराआडून बोल्लीस ते रागात बोल्लीस, का खरं बोल्लीस?"

प्राचीनं हर्षलाला तोवर सगळं नीट समजावून दिलेलं होतं. उत्तर तिच्या जिभेवर होतं, आणि जिभेवर आलेलं गिळायची सवय तिला नव्हती. त्या सकाळी तिनं ते गिळलं.

"रागात बोल्ली, आई. रागात माणूस काय पण बोलतो."

"तुला खोटं बोलायला येत नाय गं," सोनुबाई म्हणाली.

आणि तिनं स्वतःच्या थोबाडीत मारली. एक उजव्या गालावर, एक डाव्या. मग थांबलीच नाही. दोन्ही हातांनी ती तोंड बडवत सुटली, आणि प्रत्येक फटक्याबरोबर शब्द निघत होते, "ह्याच हातांनी अंग पुसली. ह्याच हातांनी त्याला घेतला. ह्याच हातांनी." पोर दचकून रडायला लागली. जना चुलीपाशी गोठून उभी राहिली. हर्षलानं पुढे होऊन सासूची मनगटं धरली. आयुष्यभर भात कापलेली ती मनगटं, त्यांनी एका हिसक्यात तिचे हात झटकले आणि पुन्हा तोंडावर जाऊ लागली. ज्या हर्षलानं चार माणसांना एका कांबेनं अडवलं, तिला एका म्हातारीचे दोन हात आवरेनात.

तिनं आवरणं सोडलं. मागे वळून पोर उचलली, तशीच उघडी, रडती, आणि मारायला उठलेल्या त्या दोन हातांत ठेवली.

हात हवेत अडकले. पोरीचं डोकं मागे कलंडू लागलं.

"मानेखाली हात घ्या, आई," हर्षला म्हणाली. "अजून सावरत नाय तिची."

सोनुबाईनं एक हात मानेखाली घेतला, दुसरा पाठीखाली, आणि मग तिच्याकडे मारायला हात उरला नाही.